निष्ठा आणि अडकणूक : स्मार्टफोनच्या दोन जगांमधली स्पर्धा

जगात आज वापरात असलेले जवळजवळ सर्व स्मार्टफोन दोनच कार्यप्रणालींवर चालतात. त्यांपैकी एक गूगलची अँड्रॉइड आणि दुसरी ॲपलची आयओएस. कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, अर्थात फोनच्या यंत्रभागांकडून काम करून घेणारी आणि निरनिराळ्या ॲपना त्यावर चालण्याची सोय करून देणारी मूळ प्रणाली. अशा प्रणालीभोवती ॲपचे दुकान, पैसे भरण्याची व्यवस्था, छायाचित्रे साठवण्याची जागा, घड्याळ आणि इअरफोन यांसारखी जोड-उपकरणे आणि लाखो ॲपनिर्माते असा सगळा पसारा उभा राहिला, की त्या पसाऱ्याला प्लॅटफॉर्म म्हटले जाते. ग्राहक दुकानातून एक वस्तू घेऊन बाहेर पडतो असे वरकरणी दिसत असले, तरी त्या क्षणापासून तो एका प्लॅटफॉर्मचा रहिवासी झालेला असतो, आणि पुढची अनेक वर्षे त्याचे संदेश, आठवणी, व्यवहार आणि सवयी त्या प्लॅटफॉर्मच्या नियमांनी चालतात.

एकदा एका प्लॅटफॉर्मवर स्थिरावलेला माणूस पुढचा फोनही बहुधा त्याच प्लॅटफॉर्मचा घेतो, आणि व्यापारशास्त्र या प्रवृत्तीला ब्रँडनिष्ठा असे नाव देते. मराठीत मात्र निष्ठा हा शब्द हलका नाही. पंढरीची वाट दरवर्षी चालणाऱ्या वारकऱ्याची निष्ठा किंवा गुरूकडून मिळालेली गायकी जपणाऱ्या शिष्याची घराण्यावरची निष्ठा ही स्वेच्छेने स्वीकारलेली असते. दुसरी वाट मोकळी असतानाही माणूस आपल्या वाटेवर राहतो, म्हणूनच त्या राहण्याला मोल येते. स्मार्टफोनच्या बाजारात ज्याला निष्ठा म्हणतात, त्यात अशा आपलेपणाचा वाटा किती आणि निघणे अवघड करून ठेवल्यामुळे आलेल्या अडकणुकीचा वाटा किती, हे वेगवेगळे करून पाहिल्याशिवाय या स्पर्धेचे खरे स्वरूप समजत नाही.

गजबजलेल्या मैदानातून दोघांपर्यंत

२००७ सालाच्या आरंभी या मैदानात बरेच स्पर्धक होते. फिनलंडच्या नोकियाचा जगातील स्मार्टफोनच्या विक्रीत जवळपास निम्मा वाटा होता, आणि तिचे हे फोन सिम्बियन या कार्यप्रणालीवर चालत. १९९८ साली नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि सायॉन या कंपन्यांनी एकत्र येऊन ती उभी केली होती. कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन या कंपनीचा ब्लॅकबेरी फोन त्याच्या बटणांच्या कीबोर्डामुळे आणि ईमेलच्या सोयीमुळे अधिकारी, पत्रकार आणि व्यावसायिक यांच्या हाती स्थिरावला होता. मायक्रोसॉफ्टची विंडोज मोबाइल आणि अमेरिकेतील पाम या कंपनीची उपकरणे यांचाही स्वतंत्र ग्राहकवर्ग होता.

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन जगासमोर मांडला आणि त्याच वर्षी जूनअखेर तो अमेरिकेत विक्रीस आला. अँड्रॉइड ही २००३ साली स्थापन झालेली एक छोटी कंपनी होती आणि गूगलने ती २००५ साली विकत घेतली होती. ५ नोव्हेंबर २००७ रोजी गूगलने हातसंच बनवणाऱ्या, चिप बनवणाऱ्या आणि दूरसंचार सेवा देणाऱ्या एकूण ३४ संस्थांची ओपन हँडसेट अलायन्स ही आघाडी जाहीर केली. या आघाडीची भूमिका अशी होती, की अँड्रॉइडचा मूळ आराखडा सर्वांना खुला राहील आणि कोणत्याही उत्पादकाला तो विनामूल्य वापरता येईल. जुलै २००८ मध्ये ॲपलने सुमारे ५०० ॲपसह आपले ॲप स्टोअर सुरू केले, आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेच्या बाजारात आला.

पुढच्या दहा वर्षांत उरलेले सर्व स्पर्धक मैदानाबाहेर गेले. हे फोन वाईट होते म्हणून ते गेले असे मानणे चुकीचे ठरेल, कारण नोकियाच्या फोनचा मजबूतपणा आणि ब्लॅकबेरीची सुरक्षितता यांची ख्याती शेवटपर्यंत टिकून होती. त्यांचा पराभव ज्या नियमाने झाला तो मराठी वाचकाला अपरिचित नाही, कारण गावोगावच्या आठवडी बाजारात तो अनेक पिढ्या चालत आला आहे.

आठवडी बाजाराचा नियम

विक्रेते अधिक असतात म्हणून आसपासच्या गावांतील गिऱ्हाईक एका विशिष्ट बाजाराला जाते, आणि गिऱ्हाईक अधिक येते म्हणून विक्रेतेही आपला माल त्याच बाजारात घेऊन येतात. दोन्ही बाजू एकमेकींना ओढत राहिल्याने चांगला भरणारा बाजार आणखी भरत जातो, आणि एकदा ओस पडू लागलेला बाजार, तिथली जागा कितीही ऐसपैस असली तरी, वेगाने मोडतो. अर्थशास्त्रात अशा व्यवस्थेला दुतर्फा बाजार म्हणतात. ज्याँ-शार्ल रोशे आणि ज्याँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून तिचे पद्धतशीर विवेचन झाले, आणि बाजारशक्ती व तिचे नियमन यांवरील अभ्यासासाठी तिरोल यांना २०१४ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्मार्टफोनच्या बाबतीत बाजाराची एक बाजू फोन वापरणाऱ्यांची आणि दुसरी ॲप बनवणाऱ्यांची. जिथे वापरणारे थोडे तिथे ॲप बनवण्याचे कष्ट परवडत नाहीत, आणि जिथे ॲप थोडी तिथे नवा ग्राहक येत नाही.

नोकियाच्या नेतृत्वाला हे २०११ च्या फेब्रुवारीत उमगले होते. तत्कालीन प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात कंपनीची तुलना समुद्रातील जळत्या तेलमंचावर उभ्या असलेल्या माणसाशी केली होती, आणि लढाई आता उपकरणांची राहिली नसून उपकरणांभोवतीच्या संपूर्ण परिसंस्थांची झाली आहे, असे निदान केले होते. निदान बरोबर असले तरी उपाय म्हणून निवडलेली मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली त्याच नियमाला बळी पडली. इन्स्टाग्राम हे ॲप आयफोनवर ऑक्टोबर २०१० मध्ये आणि अँड्रॉइडवर एप्रिल २०१२ मध्ये आले. विंडोज फोनवर ते येण्यास नोव्हेंबर २०१३ उजाडला, आणि तोपर्यंत तरुण ग्राहकाने आपली निवड केलेली होती. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये नोकियाचा हातसंच-व्यवसाय विकत घेतला, पण पुढच्याच वर्षी सुमारे ७६० कोटी डॉलर तोटा म्हणून लिहून टाकण्याची वेळ तिच्यावर आली.

ब्लॅकबेरीची कथा निष्ठेच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे, कारण तिच्या ग्राहकांमध्ये खरे प्रेम होते आणि २००५ साली सुरू झालेल्या बीबीएम या संदेशसेवेने त्यांना एकमेकांशी बांधूनही ठेवले होते. ही सेवा अनेक वर्षे केवळ ब्लॅकबेरी फोनवरच चालत असे. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती इतर फोनसाठी खुली झाली तेव्हा व्हॉट्सॲपने जागा पटकावलेली होती. २०१६ साली कंपनीने स्वतः फोन बनवणे थांबवले आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनना मिळणारा आधार संपला. ज्या सेवेने ग्राहकांना बांधून ठेवले होते तिच्याहून सोयीची आणि सर्वांना खुली असलेली सेवा येताच बंध सुटला. बीबीएमने बांधलेल्या निष्ठेचे आयुष्य त्या बंधनाइतकेच होते.

ह्वावे या चिनी कंपनीच्या बाबतीत हा नियम प्रयोगशाळेतल्यासारखा स्पष्ट दिसला. मे २०१९ मध्ये अमेरिकेने घातलेल्या निर्बंधांमुळे तिच्या नव्या फोनमध्ये गूगलच्या सेवा देता येईनाशा झाल्या. युरोपमध्ये तिचे फोन तोवर मोठ्या प्रमाणावर खपत होते आणि त्यांच्या कॅमेऱ्याचे कौतुक होत होते, पण गूगलचे ॲप-दुकान आणि नकाशे नसलेला फोन तिथल्या ग्राहकाने नाकारला. चीनमध्ये मात्र गूगलच्या सेवा आधीपासूनच वापरात नसल्यामुळे ग्राहकाला काहीच गमवावे लागले नाही, आणि त्याच वर्षी तिथे कंपनीचा वाटा उलट वाढला. कंपनी तीच आणि फोनही तेच असताना दोन देशांतील ग्राहक वेगळे वागले, कारण दोघांच्या भोवतीचा बाजार वेगळा होता.

दोन संसार, दोन हिशेब

मैदानात उरलेले दोन प्लॅटफॉर्म एकाच खेळाचे दोन खेळाडू आहेत असे समजले जाते, परंतु त्यांच्या कमाईच्या वाटा वेगळ्या असल्याने ते ग्राहकाला बांधतातही वेगळ्या रीतीने. ॲपल फोन आणि त्याची कार्यप्रणाली दोन्ही स्वतः बनवते आणि तिचे मुख्य उत्पन्न उपकरणांच्या विक्रीतून येते. त्यामुळे तिच्या बाबतीत ब्रँडवरची निष्ठा आणि प्लॅटफॉर्मवरची निष्ठा एकच होऊन जाते. गूगल कार्यप्रणाली विनामूल्य देते आणि शोधयंत्र, जाहिराती व ॲप-दुकान यांतून कमावते. तिच्या दृष्टीने ग्राहकाने सॅमसंग सोडून शाओमी घेतला किंवा शाओमी सोडून विवो घेतला, तरी तो अँड्रॉइडवरच राहतो. भारतीय ग्राहक फोनच्या कंपन्या सहज बदलतो म्हणून त्याच्याकडे ब्रँडनिष्ठा नाही, असा निष्कर्ष जेव्हा काढला जातो, तेव्हा तो घर बदलत असला तरी गाव बदलत नाही, ही गोष्ट नजरेआड होते.

हे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांवर अवलंबूनही आहेत. आयफोनमधील सफारी या ब्राउझरमध्ये गूगलचे शोधयंत्र आधीच बसवलेले असावे यासाठी गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. फोन घेतल्यावर त्यात जे आधीपासून बसवलेले असते तेच बहुसंख्य लोक वापरत राहतात, हा अनुभव या व्यवहाराच्या मुळाशी आहे. ग्राहकाच्या न बदलण्याच्या सवयीलाच एवढी किंमत आहे. ॲपनिर्मात्यांसाठीही दोन्ही दुकानांचे नियम बरेचसे सारखे राहिले. डिजिटल वस्तूंच्या विक्रीवर दोन्हीकडे दीर्घकाळ ३० टक्के कमिशन आकारले जाई, आणि २०२१ पासून लहान निर्मात्यांसाठी ते १५ टक्क्यांवर आले. दोन प्रतिस्पर्धी किमतीच्या बाबतीत इतके जवळजवळ राहतात तेव्हा स्पर्धा पुरेशी तीव्र नाही, असा संशय नियामकांना येतो.

बिऱ्हाड हलवण्याचा खर्च

एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाणे हे पुष्कळ अंशी बिऱ्हाड हलवण्यासारखे असते. नव्या घराचे भाडे परवडत असले तरी सामानाची बांधाबांध, मुलांची शाळा, ओळखीचा दुकानदार आणि शेजार यांचा विचार करून माणूस जुन्याच घरात राहतो. अर्थशास्त्रज्ञ ज्याला बदलाचा खर्च म्हणतात त्यात असे सर्व कष्ट धरले जातात. स्मार्टफोनच्या बाबतीत एका दुकानातून विकत घेतलेले ॲप दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर चालत नाही आणि ते पुन्हा विकत घ्यावे लागते. २०१५ पासून मिळणारे ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय नीट वापरता येत नाही, म्हणून फोन बदलणाऱ्याला घड्याळही सोडावे लागते. वर्षानुवर्षांची छायाचित्रे दुसऱ्या जागी हलवणे शक्य असले तरी कष्टाचे असते, आणि बोटांना लागलेली सवय तर कोणत्याच पेटीत भरून नेता येत नाही.

यांतले काही खर्च स्वाभाविक असतात, पण काही घडवलेले असतात, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. आयफोनमधील आयमेसेज ही संदेशसेवा २०११ साली सुरू झाली; आयफोनवरून आयफोनला पाठवलेला संदेश निळ्या चौकटीत आणि अँड्रॉइडशी झालेला संवाद हिरव्या चौकटीत दिसतो, शिवाय हिरव्या चौकटीतील संवादात छायाचित्रांची प्रत आणि इतर सोयी बरीच वर्षे कमी दर्जाच्या राहिल्या. अमेरिकेतील किशोरवयीन मुलांमध्ये हिरवी चौकट हा वेगळे पाडणारा शिक्का झाला. एपिक गेम्स आणि ॲपल यांच्यातील २०२१ च्या खटल्यात जी अंतर्गत पत्रे उघड झाली, त्यांत ॲपलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने असे मत नोंदवलेले आढळले, की आयमेसेज अँड्रॉइडवर दिल्यास आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना आपल्या मुलांना अँड्रॉइड फोन देण्यातला अडथळा दूर होईल. दाराला कडी कुठे बसवली आहे हे घर बांधणाऱ्याला पक्के माहीत होते, हे यावरून दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या आयओएसच्या १८व्या आवृत्तीत आरसीएस हा संदेशवहनाचा सर्वमान्य मानक स्वीकारला गेला आणि ही दरी बरीचशी कमी झाली, मात्र चौकटीचा रंग कायम राहिला.

भारतात हा दबाव जवळजवळ जाणवला नाही, कारण इथला संवाद दोन्ही प्लॅटफॉर्मवर सारखाच चालणाऱ्या व्हॉट्सॲपवर होतो. तरीही व्हॉट्सॲपच्या जुन्या संवादांचे काय, हा प्रश्न अनेकांना फोन बदलण्यापासून रोखत असे. आयफोनवरील संवाद अँड्रॉइडवर नेण्याची अधिकृत सोय २०२१ मध्ये काही सॅमसंग फोनपासून सुरू झाली आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची सोय २०२२ मध्ये आली. चीनमध्ये वीचॅट या एकाच ॲपमध्ये संदेश, पैशांची देवघेव आणि २०१७ पासून छोटी ॲपही सामावल्यामुळे तिथल्या माणसाचे रोजचे डिजिटल जीवन कार्यप्रणालीच्या वरच्या मजल्यावर चालते, आणि खालचा मजला बदलला तरी त्याला फारसा फरक पडत नाही. जिथे महत्त्वाच्या सेवा दोन्हीकडे सारख्या मिळतात तिथे अडकणूक सैल होते, ही गोष्ट भारत आणि चीन या दोन्ही उदाहरणांतून सिद्ध होते.

मनाची बाजू

असे असले तरी निष्ठेचा सगळा हिशेब अडकणुकीच्या खात्यावर मांडणे ग्राहकावर अन्याय करणारे होईल. माणसाचे वस्तूंशी नाते जडते आणि ते नाते खरे असते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० साली स्वामित्वाच्या परिणामाची कल्पना मांडली, आणि पुढे त्यांनी डॅनियल कानमन व जॅक नेच यांच्यासह केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की हाती आलेला साधा कॉफीचा मग विकताना लोक जी किंमत मागतात ती तोच मग विकत घेऊ पाहणाऱ्यांच्या बोलीच्या जवळजवळ दुप्पट असते. एक साधा मग काही क्षणांत आपला वाटू लागतो, तर दिवसरात्र हाताशी असणारा आणि आप्तांचे आवाज व चेहरे साठवणारा फोन किती आपला वाटत असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी प्रेरणा मनाची सुसंगती टिकवण्याची आहे. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धांतानुसार, आपली कृती आणि आपले मत यांत विरोध आला की माणसाला अस्वस्थ वाटते आणि तो विरोध मिटवण्यासाठी तो बहुधा आपले मतच कृतीला जुळवून घेतो. महिन्याच्या मिळकतीहून महाग फोन हप्त्यांवर घेतलेल्या तरुणाला त्या फोनचे दोष ऐकणे जड जाते, कारण ते दोष मान्य करणे म्हणजे स्वतःचा निर्णय चुकला असे मान्य करणे होय.

तिसरी प्रेरणा समूहाची आहे. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांत अगदी क्षुल्लक कारणावरून गट पाडले, तरी बक्षीस वाटताना मुले आपल्या गटाला झुकते माप देताना आढळली. ॲल्बर्ट म्युनिझ आणि टॉमस ओगिन यांनी २००१ साली ब्रँडसमुदाय ही संकल्पना मांडताना ज्या वस्तूंच्या चाहत्यांचा अभ्यास केला, त्यांत ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचे चाहतेही होते. अशा समुदायात आपण एक आहोत ही जाणीव, स्वतःच्या परंपरा आणि एकमेकांना मदत करण्याची नैतिक जबाबदारी असे तीन गुण त्यांना दिसले. त्याबरोबरच प्रतिस्पर्धी ब्रँडला विरोध करण्यातून आपली ओळख घट्ट करण्याची प्रवृत्तीही त्यांनी नोंदवली. १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी पुण्यात कोरेगाव पार्क येथे ॲपलची दालने उघडली तेव्हा झालेली गर्दी केवळ खरेदीसाठी नव्हती, तर तिच्यात समुदायात सामील झाल्याचा आनंदही होता. अडचणीत सापडलेल्या अनोळखी माणसाला आपल्या फोनमधील खाचाखोचा तासन्‌तास समजावून सांगणारे अँड्रॉइडचे जाणकारही त्याच जातीचा आनंद अनुभवतात, आणि हा आपलेपणा आदरास पात्र आहे.

भाषा आणि किंमत : भारताचे वेगळे मैदान

भारतात अँड्रॉइडचा वाटा सुमारे ९५ टक्के आहे आणि त्याचे मुख्य कारण किंमत हेच आहे; दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा आयफोन अस्तित्वातच नाही. म्हणून इथल्या बहुसंख्य कुटुंबांसाठी प्लॅटफॉर्मची निवड ही खऱ्या अर्थाने निवड नसते. तरीही तिसरा पर्याय उभा करण्याचे प्रयत्न इथे झाले आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसवर चालणारा फोन इंटेक्स या कंपनीने १,९९९ रुपयांत विक्रीस आणला होता, पण ॲपचा तुटवडा त्याला नडला. त्याच प्रणालीच्या मुळातून वाढलेली कायओएस २०१७ साली जिओफोनमध्ये आली. पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दिलेला हा बटणांचा फोन असंख्य घरांत पोहोचला, परंतु त्यावर व्हॉट्सॲप येण्यास सप्टेंबर २०१८ उजाडला, आणि २०२१ मध्ये आलेला जिओफोन नेक्स्ट अखेर अँड्रॉइडवरच आधारलेला होता.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय प्रयत्न मुंबईतून झाला. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेली आणि २०१५ साली बाजारात आलेली इंडस ओएस अँड्रॉइडच्या पायावर बांधलेली असली, तरी ती मराठीसह अनेक भारतीय भाषांना केंद्रस्थानी ठेवणारी होती. इंग्रजीत आलेला संदेश आपल्या भाषेत वाचण्याची सोय तिच्यात होती, आणि मायक्रोमॅक्सच्या फोनमधून ती लोकांपर्यंत पोहोचली. पुढे स्वस्त चिनी फोनांच्या लाटेत देशी उत्पादक मागे पडले आणि गूगलनेही भारतीय भाषांकडे लक्ष वळवले. ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय गूगलने दिली, तेव्हा कीबोर्डाला बुजणाऱ्या अनेक ज्येष्ठांसाठी फोनचे दार उघडले. इंडस ओएसची कंपनी २०२२ मध्ये फोनपेने घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या पायावर इंडस ॲपस्टोअर सुरू झाले. लहान स्पर्धक हरला तरी त्याने दाखवलेली गरज मोठ्यांना पुरवावी लागते, आणि स्पर्धेचा हा लाभ विक्रीच्या आकड्यांत कुठेच नोंदला जात नाही.

दार उघडे ठेवण्याचे काम

दोनच प्लॅटफॉर्म उरलेल्या जगात ग्राहकाच्या हिताचे रक्षण केवळ बाजारावर सोपवता येत नाही, ही जाणीव आता बहुतेक मोठ्या देशांत रुजली आहे. युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या बाबतीत गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला आणि न्यायालयाने २०२२ मध्ये तो थोडा कमी करून कायम ठेवला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. गूगलची सगळी ॲप एकत्रच बसवण्याची सक्ती उत्पादकांवर करणे हा स्पर्धेला बाधक व्यवहार आहे, असा आयोगाचा मुख्य आक्षेप होता. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र आयोगाचे काही निर्देश रद्द केले. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये ॲपलविरुद्ध दाखल केलेल्या दाव्याचा रोख फोन बदलणे अवघड करणाऱ्या योजनांवरच आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजार कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर ॲपलखेरीज इतरांची ॲप-दुकानेही चालू शकतात, आणि समान चार्जरच्या युरोपीय नियमाच्या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनने आपली वेगळी वायर सोडून यूएसबी-सी स्वीकारल्यापासून घरातल्या एकाच चार्जरवर दोन्ही जगांतील फोन भरता येऊ लागले आहेत.

या उपायांना विरोध करणाऱ्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. बंदिस्त रचनेमुळे फसव्या ॲपना आळा बसतो, उपकरणे एकमेकांशी सहज जुळतात आणि ज्येष्ठांना किंवा मुलांना फोन निर्धास्तपणे देता येतो, असे ॲपल सांगते. अँड्रॉइडला एकसंध ठेवले नाही तर प्रत्येक उत्पादकाची वेगळी आवृत्ती होऊन ॲपनिर्मात्यांची दमछाक होईल, असे गूगलचे म्हणणे असते. घराला भिंती हव्यात हे कुणीही नाकारत नाही. मात्र सुरक्षिततेसाठी बांधलेली भिंत आणि बाहेर जाऊ न देण्यासाठी बांधलेली भिंत यांतला फरक तपासण्याचे काम कायद्याने करायचे असते.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निर्गमन, आवाज आणि निष्ठा अशी त्रयी मांडली आहे. असमाधानी माणूस एकतर निघून जातो किंवा राहून तक्रार करतो, आणि निष्ठा त्याला लगेच निघून न जाता सुधारणेसाठी बोलत राहायला लावते. या मांडणीतला महत्त्वाचा भाग असा, की निघून जाण्याची शक्यता खरी असेल तरच तक्रारीला वजन येते. भारताला या तत्त्वाचा अनुभव दोनदा आला आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली सुरू केलेल्या यूपीआयमध्ये कोणत्याही बँकेचे खाते, कोणतेही ॲप आणि दोन्हींपैकी कोणताही प्लॅटफॉर्म चालतो, त्यामुळे भाजीवाल्याला पैसे देताना कुणाच्या हाती कोणता फोन आहे हे विचारावे लागत नाही. त्याआधी २० जानेवारी २०११ रोजी देशभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली, तेव्हाही हेच घडले होते.

तोवर आप्तेष्टांना आणि गिऱ्हाइकांना माहीत असलेला क्रमांक गमवावा लागेल या भीतीने असंख्य लोक नाखुशीनेच एका कंपनीकडे राहत होते, आणि कंपन्यांच्या हिशेबात तेही निष्ठावान म्हणूनच मोजले जात होते. मुभा मिळाल्यावर कोट्यवधी लोकांनी कंपनी बदलली. पण त्याहून अधिक लोक दार उघडे असूनही आपल्या जुन्याच कंपनीकडे राहिले, आणि त्यांचे राहणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे असे प्रथमच खात्रीने म्हणता आले. छायाचित्रे, संवाद आणि विकत घेतलेली ॲप आपल्या क्रमांकाइतक्याच सहजपणे बरोबर नेता येतील तेव्हा स्मार्टफोनच्या दोन्ही जगांनाही आपले खरे निष्ठावान ग्राहक किती, हे कळू शकेल.